काटा उतरतो, सवय उरते का?

रमजानमध्ये वजन उतरवायचे म्हणून काही तरुण सहेरीच टाळतात. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो. पण त्यात मोठा वाटा शरीरातल्या पाण्याचा असतो. शिवाय दिवसभराची भूक इफ्तारला भजी-समोशांवर निघते. ईदनंतर काटा पुन्हा जागेवर!

सहेरीत बरकत आहे, असे हजरत पैगंबर (स.) यांनी सांगितले. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही त्यांचीच शिकवण. थोडे का होईना, पण नित्य केलेले काम अल्लाहला प्रिय, हीसुद्धा.

सहेरीला भाकरी, डाळ, दही. इफ्तारला खजूर, पाणी, मग नमाज आणि नंतर बेताचे जेवण. हा बेत शिरखुर्म्यानंतरही टिकला, तर महिनाभराची शिस्त वर्षभर पुरेल.