कोलिअसचा नवा वाण : पैदास आणि निवड

शहरालगतच्या अनेक गावांतून शोभेच्या रोपांची रोपवाटिका हा जोडधंदा चांगला रुजला आहे. त्यात कोलिअस हे नेहमीचे झाड. फांदी खोचली की ती मूळ धरते, म्हणून ते सर्वांकडे असते. आणि सर्वांकडे असते म्हणूनच त्यास भाव मिळत नाही. दुसऱ्याकडे नाही असा पानांचा रंग आपणाकडे असावा, असे प्रत्येक रोपवाटिकाधारकास वाटते. असा रंग घरच्या घरी उत्पन्न करता येतो. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती वर्षभराची सबुरी आणि उगवलेल्या रोपांपैकी बहुतेक सर्व उपटून टाकण्याची तयारी.

कोलिअस तुळशीच्या कुळातील आहे. खोड चौकोनी, पाने समोरासमोर. लोणच्याचा माइनमुळा आणि ज्याच्या पानांची भजी करतात तो पानओवा हे याचेच सख्खे भाऊबंद. रंगीत पानांचा हा कोलिअस आग्नेय आशियातील असून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जावा बेटावरून युरोपात गेला. लंडनजवळील चिस्विक येथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत त्याचे संकर करण्यात आले आणि १८६८ साली ते संकरित वाण जाहीर लिलावात विकले गेले. तेव्हापासून आजतागायत नवीन वाण निघतच आहेत, कारण या झाडाची आनुवंशिक घडण अत्यंत संमिश्र आहे. एकाच झाडाचे बी पेरले तरी रोपे एकसारखी येत नाहीत. कोणाचे पान जांभळे, कोणाचे पोपटी, कोणाची कड कातरलेली. धान्याच्या पिकात जो दोष ठरावा, तो येथे पैदास करणाऱ्याचे भांडवल होय.

आपल्याकडे दिवस लहान होऊ लागले की बहुतेक कोलिअसांस निळसर तुरे येतात. फुलाची खालची पाकळी होडीसारखी असते व तिच्यात पुंकेसर दडलेले असतात. हे पुंकेसर पाकळ्यांच्या नळीस चिकटलेले असल्यामुळे संकराचे काम सोपे होते. उमलण्यापूर्वी कळीची नळी बारीक चिमट्याने अलगद ओढून काढावी. पुंकेसर तिच्याबरोबर निघून येतात आणि स्त्रीकेसर मागे राहते. त्याचे टोक दुभंगले की दुसऱ्या झाडाचा ताजा पराग कुंचल्याने लावावा, दोरा बांधून खूण करावी व तुऱ्यावर मलमलीची पिशवी चढवावी. पिशवी दुहेरी उपयोगाची आहे : मधमाशी दूर राहते आणि पिकलेले बी जमिनीवर सांडत नाही. एका फुलात जास्तीत जास्त ४ बिया धरतात. इतकी खटपट नको असेल तर निवडक झाडे एकत्र ठेवून परागणाचे काम मधमाश्यांवर सोपवावे. यात बापाचा पत्ता लागत नाही, पण आई ठाऊक असते. नवशिक्यास आमच्या मते एवढे पुरे.

बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ३,५०० बिया भरतात. उगवणीस प्रकाश हवा असल्याने बी मातीआड करू नये. ओलसर, चाळलेल्या मिश्रणावर भुरभुरावे आणि पाणी कुंडीच्या तळातून द्यावे. उबदार हवेत दहा ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. पहिली पाने बहुधा हिरवट असतात. खरा रंग तिसऱ्या-चौथ्या जोडीस खुलतो. म्हणून त्यापूर्वी निवड करू नये. किरकोळ दिसणारी रोपेही घाईने फेकू नयेत, कारण ज्या पानात हरितद्रव्य कमी ते रोप सावकाश वाढते आणि पुष्कळदा रंगाने तेच सरस निघते.

खरे काम येथून पुढे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात डेव्हिड क्लार्क यांनी कोलिअसच्या पैदाशीचा मोठा कार्यक्रम चालविला. तेथे परागणाचे काम मधमाश्यांकडे, आणि माणसाचे काम हजारो रोपांतून मोजकी वेचण्याचे. ‘रेडहेड’ व ‘वसाबी’ हे तेथील वाण उन्हातही टिकतात म्हणून नावाजले. रंग तर हजार रोपांत मिळतो. रंग, उन्हाचा सोस आणि उशिरा येणारा फुलोरा हे तिन्ही एका रोपात क्वचित मिळतात. तुरा लवकर आला की पाने लहान होतात, झाड उंडारते व गिऱ्हाईक नाराज होते.

आपला हवामानक्रम या परीक्षेस फार सोयीचा आहे. फाल्गुनात पेरलेल्या रोपांतून आवडलेली रोपे निवडून प्रत्येकाच्या दहा-बारा फांद्या लावाव्यात. निम्म्या जाळीखाली, निम्म्या उघड्यावर ठेवाव्यात. वैशाखाच्या उन्हात फिक्या पानांची बरीच रोपे करपतील. ती बाद करावीत, अथवा केवळ सावलीसाठी म्हणून विकावीत. पावसाळ्यात खोडकुज आणि केवडा रोग पाहावा. कोलिअसवरील केवडा अमेरिकेत २००५ साली प्रथम नोंदला गेला. पानावर तपकिरी डाग, खालच्या बाजूस राखाडी लव आणि अकाली पानगळ ही त्याची लक्षणे. असे रोप कितीही देखणे असो, ते मातृवृक्ष म्हणून ठेवू नये. त्याच्या प्रत्येक फांदीबरोबर रोग गिऱ्हाइकाच्या घरी जातो. पिठ्या ढेकूण व मुळांवरील सूत्रकृमींच्या गाठीही तपासाव्यात. दिवाळीपर्यंत कोण आधी फुलले तेही कळते.

कधी कधी जुन्याच झाडाची एखादी फांदी अकस्मात निराळ्या रंगाची फुटते. ती वेगळी लावावी, मात्र लगेच विकू नये. तिचा रंग स्थिर असेलच असे नाही. फांदीपासून फांदी अशा तीन पिढ्या काढाव्यात व मूळ रंगाकडे वळणारा प्रत्येक फुटवा खुडून टाकावा. तिसऱ्या पिढीतही फुटवे वळत असतील तर ती फांदी सोडून द्यावी. नव्या रंगाच्या नावाने विकलेली कुंडी दोन महिन्यांत हिरवी झाली, तर पैसे परत करून भागत नाही. तो माणूस पुन्हा त्या रोपवाटिकेची पायरी चढत नाही.

ठरलेला वाण फांदीनेच वाढवावा, बियांनी नव्हे. बोटभर शेंडा पेराखाली कापून, खालची पाने काढून ओलसर वाळूत लावल्यास दोन आठवड्यांत मुळे धरतात. परागणाची तारीख, आईबाप, फांद्यांची संख्या आणि प्रत्येक ऋतूतील निरीक्षण वहीत लिहावे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये वाण नोंदवावयाचा तर तो नवीन, वेगळा, एकसारखा व स्थिर असल्याचे दाखवावे लागते, आणि मुळात ती वनस्पती नोंदणीसाठी अधिसूचित असावी लागते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याची चौकशी आधी करून मगच शेतकऱ्यास अर्जाचा सल्ला द्यावा. मातृवृक्ष किमान दोन ठिकाणी, शक्यतो दोन निरनिराळ्या घरी ठेवावेत. एका रात्रीच्या अतिपावसाने कुजून गेलेला वाण पुन्हा बियांतून मिळत नाही.