कापलेल्या बोटांतून घडला ‘हेवी मेटल’चा नाद

‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश बँडकडे हेवी मेटल संगीताचे जनकत्व दिले जाते. या संगीताचा घनगंभीर, जड नाद कोठून आला, याचा शोध घेतला की वाट एका पत्र्याच्या कारखान्यात जाऊन पोहोचते.

१९६५ साली बर्मिंगहॅममधील या कारखान्यात सतरा वर्षांचा टोनी आयोमी वेल्डिंगचे काम करीत असे. गिटारवादक म्हणून बँडबरोबर दौऱ्यावर जायचे ठरल्याने त्याचा तो नोकरीतील शेवटचा दिवस होता. पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरील कामगार आला नाही, म्हणून टोनीला तेथे उभे करण्यात आले. यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मध्यमा व अनामिका या बोटांची टोके तुटली. टोनी डावखुरा असल्याने गिटारच्या दांडीवर तारा दाबण्याचे काम नेमका हाच हात करीत असे.

वाजवणे संपले, अशीच त्याची समजूत झाली होती. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ मध्ये आगीत डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी होऊनही उरलेल्या बोटांनी जॅझ गाजवणारा हा गिटारवादक. टोनीने मग भांडी घासण्याच्या द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि पकड यावी म्हणून त्यांवर चामडे चिकटवले.

मात्र टोपणातून तार जाणवत नाही आणि जाड तार दाबताना दुखते. गिटारच्या पातळ तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत. टोनीने बँजोच्या तारा लावून पाहिल्या. अनेक बोटे लागणाऱ्या स्वरसंगतींऐवजी दोन-तीन स्वरांच्या ठोस संगतींवर त्याने भर दिला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या अल्बममधील अनेक गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. पेटीच्या भाषेत सांगायचे, तर एरवी पांढरी तीनला लागणारी जाड तार काळी एकवर आली. तीच तार एवढी उतरवली की तिचा ताण सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बोटांना आराम मिळाला आणि नाद अधिक खोल झाला. बास वाजवणाऱ्या गीझर बटलरनेही आपले वाद्य त्यानुसार उतरवले. पुढील काळातील असंख्य मेटल बँडनी हीच वाट धरली.

सगळे श्रेय अपघाताला देण्याची प्रथा मात्र तपासून घ्यावी लागते. पहिल्या दोन अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच पट्टीत आहे आणि तरीही ती भारदस्त वाटते. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झालेला पहिला अल्बम जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. बँडचे आधीचे नाव ‘अर्थ’. त्याच नावाचा दुसरा बँड निघाल्याने बोरिस कार्लॉफच्या १९६३ मधील भयपटाचे नाव घेण्यात आले. याच नावाच्या गाण्यातील भीतीचे रहस्य स्वरांत आहे. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराला युरोपात ‘संगीतातील सैतान’ म्हणत. चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला भक्कम आधार नाही. यमन ऐकत वाढलेल्या कानांना तर तीव्र मध्यमाचे भय वाटणे अवघडच. येथे तो संथ लयीत, एकाकी आणि कर्कश गिटारवर येतो, म्हणून अंगावर येतो.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममधील व्हिला पार्क मैदानावर आयोमी, बटलर, ड्रमवादक बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑस्बोर्न हे मूळ चौघे अखेरचे एकत्र आले. हे मैदान ॲस्टन भागात आहे. चौघेही याच परिसरात वाढले. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलै रोजी, ऑस्बोर्नचे निधन झाले.