आठवड्याचा पगार, शनिवारचा निकाल

इंग्लंडमध्ये कारकुनाचा पगार वर्षाचा सांगतात, घरभाडं महिन्याचं सांगतात आणि फुटबॉलपटूचा पगार मात्र अजून आठवड्याचा सांगतात. हा खेळ कामगार वस्तीत वाढला. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की माणसं थेट मैदानावर जायची, आणि खेळणारा पोरगाही त्यांच्याच गल्लीतला असायचा. गिरणीत पगाराचं पाकीट दर आठवड्याला मिळायचं, मग त्यालाही तसंच. आज तो पोरगा त्या गल्लीत राहत नाही, पाकिटाऐवजी वकिलांनी तपासलेला करार असतो, पण आकडा सांगायची रीत काही बदललेली नाही.

मी लेस्टर शहरात पगारपत्रकं बनवते. माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. त्यामुळे फुटबॉलवरची भांडणं ऐकायला मला विलायतेला यायची गरज नव्हती. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना असला की आमच्या घरात संध्याकाळचा स्वयंपाकसुद्धा निकाल बघून व्हायचा. पण कोल्हापुरात कुठलं मंडळ कुठल्या खेळाडूला काय देतं, हे कुजबुजत बोलायचे. इथं तेच सगळ्यांत मोठ्यानं बोलतात. आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी वाद निकालापासून सुरू होतो: ती पेनल्टी होती की नव्हती. अकरापर्यंत डावपेच निघतात, उजवा बॅक एवढा पुढे का गेला वगैरे. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाडी हमखास एका प्रश्नावर येते, की ह्या माणसाला आठवड्याला एवढे पैसे कशाबद्दल?

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचे आजोबा इथल्या होजिअरीच्या कारखान्यात होते. त्यांचं मत ठाम आहे: पूर्वीचे खेळाडू पैशासाठी खेळत नसत. मला हे वाक्य ऐकवत नाही. पूर्वीच्या खेळाडूंना पैसे मिळू दिले जात नव्हते, एवढंच खरं. 1901 साली इंग्लिश लीगनं पगारावर कमाल मर्यादा घातली, आठवड्याला 4 पौंड. ती वाढत वाढत 1961 साली 20 पौंडांवर आली होती, तेव्हा कारखान्यातल्या कामगारालाच 15 च्या आसपास मिळत होते. स्टॅनली मॅथ्यूज खेळायला उतरला की मैदान भरायचं, तिकिटाचे पैसे क्लबच्या तिजोरीत जायचे आणि मॅथ्यूजला तीच मर्यादा. शेवटी खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष, फुलहॅमचा दाढीवाला जिमी हिल, यानं संपाची तयारी केली. जानेवारी 1961 मध्ये, संपाला अवघे काही दिवस उरले असताना, लीगनं मर्यादा उठवली. फुलहॅमचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हा पेशानं विनोदी नट. जमलं तर आपल्या संघातल्या जॉनी हेन्सला शंभर पौंड देईन, असं तो आधी फुशारकीनं बोलून बसला होता. आता द्यावे लागले. हेन्स आठवड्याला 100 पौंड घेणारा पहिला इंग्लिश खेळाडू झाला.

पुढचं मोठं वळण 1995 च्या डिसेंबरमधलं. बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला त्याची किंमत मागता येणार नाही. जी रक्कम क्लब क्लबला देत होता, तिचा मोठा भाग खेळाडूच्या पगारात जायला लागला. त्याआधी 1992 साली प्रीमियर लीग सुरू होऊन टीव्हीचा पैसा आलेलाच होता. बाई इथं नर्सेसच्या पगाराशी तुलना करतात, पण त्या पैशातून खेळाडूंना कमी दिलं असतं तर उरलेलं नर्सेसना मिळालं नसतं, मालकांच्या खिशात गेलं असतं. शिवाय मी पगारपत्रकं बनवते म्हणून सांगते, त्या फुगीर आकड्यावर 45 टक्क्यांनी आयकर कापला जातो आणि वर मालकाला 15 टक्के राष्ट्रीय विमा भरावा लागतो. बाई हे ऐकून घेतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आजोबांपासून सुरुवात करतात.

एक खुलासा इथंच करायला हवा. वर्तमानपत्रांत येणारे एकेका खेळाडूचे पगार हे बहुतेक वेळा अंदाज असतात, एजंटांनी सोडलेले. करार कुणी जाहीर करत नाही. मात्र इंग्लंडमधला प्रत्येक व्यावसायिक क्लब ही एक कंपनी असते आणि तिला दरवर्षी कंपनी निबंधकाकडे हिशेब द्यावे लागतात. ते कुणालाही फुकट बघता येतात. त्यात सगळ्यांचा मिळून पगारखर्च किती, हे लिहिलेलं असतं. अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी असे वर्षानुवर्षांचे हिशेब गुणतक्त्याशेजारी ठेवून पाहिले. पाच-दहा वर्षांची सरासरी घेतली तर दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या निघतात: जो जास्त पगार देतो तो वर, कमी देतो तो खाली. बदल्यांवर किती पैसे उधळले, याचा संबंध त्या मानानं बराच कमी. एखाद्या शनिवारी काहीही होऊ शकतं, दशकभरात सहसा होत नाही.

आणि नेमकं आमचं लेस्टर त्या यादीत बसत नाही.

2015-16 चा हंगाम सुरू झाला तेव्हा लेस्टर विजेता होईल यावर सट्टेवाले एकाला पाच हजार देत होते. आदल्या वर्षी संघ कसाबसा खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला होता. नवे प्रशिक्षक क्लॉदियो रानिएरी आले, तेव्हा आमच्या ऑफिसात हसू होतं. त्या वर्षी क्लबचा पूर्ण पगारखर्च सुमारे 8 कोटी पौंड, मोठ्या क्लबांच्या निम्म्याहूनही कमी. जेमी वार्डी काही वर्षांपूर्वी अर्धव्यावसायिक पातळीवरच्या क्लबकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळत होता आणि दिवसा कारखान्यात कामाला जात होता. रियाद महरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून चार-साडेचार लाख पौंडांत आलेला.

माझे शेजारी काका गुजराती, 1972 साली इदी अमीननं युगांडातून हाकललेल्या कुटुंबांपैकी. तेव्हापासून ते लेस्टरचे सामने बघतात, आधी जुन्या फिल्बर्ट स्ट्रीटवर, आता नव्या मैदानात. डावपेच मला त्यांनी शिकवले, स्वयंपाकघराच्या टेबलावर मीठदाणी आणि वाट्या मांडून. "बेन," ते म्हणाले, "चेंडू जवळ ठेवणं महाग असतं." मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. दाटीवाटीत, तीन माणसं अंगावर येत असताना चेंडू न गमावता पुढे सरकवणं, हे कसब फार थोड्यांकडे असतं आणि ते सगळे श्रीमंत क्लबांकडे जातात. लेस्टरनं तो नाद सोडला. जुनीच 4-4-2 ची रचना, चार बचावपटू, त्यांच्यापुढे चार मध्यरक्षक, वर दोघं. वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे दोन दांडगे गडी गोलसमोरून हलायचे नाहीत. चेंडू निम्म्याहून जास्त वेळ समोरच्यांकडे. ते पुढे येत राहायचे, त्यांचे बचावपटूही अर्धं मैदान ओलांडून यायचे आणि पाठीमागे मोकळं रान पडायचं. एन्गोलो कान्ते चेंडू हिसकावून घ्यायचा, डॅनी ड्रिंकवॉटर मान वर करून एक लांब फटका मारायचा आणि वार्डी पळायचा. मोकळ्या जागेत पळणारा माणूस तेव्हा स्वस्तात मिळत होता. बचाव मात्र सुरुवातीला गळका होता. एकही गोल न खाता सामना खेळून दाखवा, पिझ्झा खाऊ घालतो, असं रानिएरींनी कबूल केलं. तो दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस उजाडला, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 1-0. त्यांनी सगळ्यांना शहरातल्या पिझ्झाच्या दुकानात नेलं आणि पीठ मळण्यापासून पिझ्झा त्यांच्याकडूनच करून घेतला.

नोव्हेंबरात वार्डीनं सलग अकराव्या सामन्यात गोल केला आणि रूड फान निस्टलरॉयचा 10 सामन्यांचा विक्रम मोडला. फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानात 3-1 असं हरवलं, तेव्हा काका पहिल्यांदा गप्प बसले. 38 सामन्यांत फक्त तीन पराभव, त्यातले दोन आर्सेनलकडून, आणि तरी आर्सेनल 10 गुण मागे राहून दुसरं. 2 मे 2016 च्या रात्री चेल्सी आणि टॉटनहॅम यांची बरोबरी झाली आणि लेस्टर न खेळताच विजेतं ठरलं.

पगारवाल्यांच्या सिद्धान्ताला चपराक, असं तेव्हा सगळे म्हणाले. मी म्हणते, पुढची पानं उलटा. कान्ते त्याच उन्हाळ्यात चेल्सीकडे गेला. उरलेल्यांना थांबवायचं तर पगार वाढवणं आलं. शिवाय युक्ती आता सगळ्यांना कळली होती. लेस्टरविरुद्ध कुणी पुढे येईना, रान मोकळं पडेना. मग लेस्टरलाच चेंडू जवळ ठेवून खेळायची वेळ आली आणि काकांचं सूत्र अंगावर उलटलं. ब्रेंडन रॉजर्स यांच्या काळात खेळ देखणा होता, 2021 साली चेल्सीला हरवून एफए कपही आला. पण 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं बहुतेक हंगाम पहिल्या चारांत काढून संघ शेवटी पाचवा आला, आणि चँपियन्स लीगचा पैसा तेव्हा पहिल्या चारांनाच मिळायचा. पगार तो पैसा येणार असं धरून दिलेले होते.

2022-23 मध्ये पगारखर्च सुमारे 20.6 कोटी पौंडांवर गेला, लीगमध्ये सातवा. उत्पन्न पाहिलं तर दर 100 पौंडांमागे पगारच 116 पौंड. माझ्या हाताखालून असा ताळेबंद गेला असता तर मी आधी बेरीज पुन्हा तपासली असती. आणि सातव्या क्रमांकाचे पगार देणारा हा क्लब अठरावा येऊन खाली गेला. म्हणजे या एका शहरानं शिमान्स्कींची यादी दोनदा मोडली, एकदा वरून आणि एकदा खालून. कॅस्पर श्मायकेल गेल्यावर गोलरक्षकाची जागा नीट भरली नाही, हे काकांचं कारण. माझं कारण वेगळं. टीलेमान्स आणि सोयुंचू यांचे करार संपत आले होते आणि दोघंही हंगामाअखेर फुकट गेले. बोसमनची कृपा. विकायची वेळ होती तेव्हा विकले नाहीत.

त्या हंगामावरचा सगळ्यांत कडवा वाद मात्र एव्हर्टनवरून आहे. एव्हर्टन 36 गुणांवर वाचलं, लेस्टर 34 वर बुडालं. सहा महिन्यांनी निर्णय आला, की एव्हर्टननं तोट्याची मर्यादा आधीच ओलांडली होती. तेव्हाचा नियम असा, की तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नसे. शिक्षा म्हणून 10 गुण कापले, अपिलात ते 6 झाले, पण कापले पुढच्या हंगामातून. हेच 6 गुण आदल्या हंगामात गेले असते तर लेस्टर राहिलं असतं. ही वजाबाकी आमच्या ऑफिसात शिपायालाही पाठ आहे.

पण मग लेस्टरवरच तोच आरोप आला, आणि त्याचा निकाल माझ्या धंद्यातल्या माणसाला फार आवडेल असा लागला. क्लबचं हिशेबी वर्ष 30 जूनला संपतं. लीगचं सभासदत्व त्याआधीच, जूनच्या मध्यावर, खाली गेल्यामुळे संपलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये अपील मंडळानं सांगितलं, की वर्ष संपलं त्या दिवशी लेस्टर तुमचं सभासदच नव्हतं, तर चौकशीचा अधिकार तुम्हाला नाही. एव्हर्टनच्या नावानं बोटं मोडणारे आमचे लोक त्या दिवशी तारखेचं महत्त्व सांगत होते.

ही 30 जूनची तारीख लक्षात घेतली तर बऱ्याच बदल्यांचा अर्थ लागतो. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत हिशेबात एकदम लागत नाही, यंत्राच्या घसाऱ्यासारखी कराराच्या वर्षांवर वाटली जाते. विकल्याचा नफा मात्र लगेच दिसतो. जेम्स मॅडिसन टॉटनहॅमला गेला तो जून संपायच्या आत. लहानपणापासून क्लबात वाढलेल्या पोराची खरेदी किंमत शून्य, म्हणून तो विकला की सगळाच नफा. घरची पोरं आधी विकली जातात याचं कारण हे आहे. काका याला विश्वासघात म्हणतात आणि मला उत्तर सुचत नाही.

2024 साली लेस्टर पुन्हा वर आलं आणि एका हंगामात परत खाली गेलं. शेवटचे काही महिने प्रशिक्षक होते तेच फान निस्टलरॉय, ज्यांचा विक्रम वार्डीनं मोडला होता. त्यांच्या हाताखाली संघ घरच्या मैदानावर लीगचे सलग नऊ सामने एकही गोल न करता हरला. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत असं आधी कधी झालं नव्हतं. वार्डीनं 500 व्या सामन्यात 200 वा गोल करून निरोप घेतला.

आता नवा नियम येतोय. 2026-27 पासून प्रीमियर लीगच्या क्लबला संघावरचा खर्च, म्हणजे पगार, बदल्यांचा घसारा आणि एजंटांचं देणं, उत्पन्नाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावा लागेल. याने लहान क्लब वाचतील असं होजिअरीवाल्यांच्या नातीचं मत आहे, अखेर कुणीतरी मर्यादा घातली म्हणून. मला वाटतं, ज्याचं उत्पन्न मोठं त्याचे 85 टक्केही मोठेच. काकांना दोन्ही पटत नाही. विजेतेपदाच्या वर्षी लेस्टरचा पगार उत्पन्नाच्या दोन तृतीयांशाहून कमी होता, हा आकडा मी त्यांना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, "यात कान्ते कुठल्या ओळीत येतो?"