कोबीचे गणगोत

पुष्कळ घरांत कोबीची भाजी ताटात पडली, की पंगतीचे दोन पक्ष होतात. हरभऱ्याची डाळ घालून केलेली, वर ओले खोबरे पेरलेली ती भाजी एकाला पोळीबरोबर फार रुचते. त्याच्या शेजारी बसलेले धाकटे भावंड मात्र नाक मुरडून ती ताटाच्या कडेला सारते. भाजी एक, फोडणी एक, वाढणारी आई एक. मग आवड दोघांची निराळी का? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी कोबीची कुळकथा ऐकली पाहिजे, आणि ती मोठी मौजेची आहे.

युरोप खंडाच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यांवर, समुद्राचे खारे वारे सोसत, कड्याकपारींत एक रानटी रोप उगवते. त्याला गड्डा नसतो. जाडसर, मोकळी पाने तेवढी असतात. तेथील शेतकऱ्यांनी हे रोप फार प्राचीन काळी आपल्या वाफ्यांत आणले. ज्या रोपाचा जो भाग ज्याला आवडला, त्याने त्याच रोपाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले. असे पिढ्यान् पिढ्या चालले आणि एकाच रोपाची रूपे पालटत गेली. कोठे शेंड्याची कळी न उमलता पानांवर पाने गुंडाळत मोठी झाली. तो आपला कोबी. कोठे फुलांचे तुरे उमलण्यापूर्वीच दाटीने वाढून पांढरे शुभ्र झाले, तो फुलकोबी. कोठे तुरे हिरवेच राहिले, ती ब्रोकोली. कोठे पानांच्या बेचक्यांतील कळ्या सुपारीएवढ्या गड्ड्या होऊन खोडावर खालपासून वरपर्यंत लगडल्या. त्यांना बेल्जियमच्या राजधानीवरून ब्रसेल्सचे कोंब असे म्हणतात. आणि कोठे देठच फुगून चेंडूसारखा झाला, तो नवलकोल. मंडईत शेजारी मांडलेल्या या भाज्या पाहून, त्या एकाच जातीच्या वनस्पती आहेत, असे सांगूनही चटकन कोणाला खरे वाटत नाही.

रूपांप्रमाणे नावांचीही अशीच गंमत झाली. लॅटिन भाषेत देठाला ‘कौलिस’ म्हणत. रोमन लोक या भाजीलाही तोच शब्द वापरीत. पुढे त्यापासून जर्मन लोकांचा ‘कोल’, डच लोकांचाही ‘कोल’ आणि पोर्तुगीजांचा ‘कोव्ह’ असे शब्द झाले. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवे जिंकले. त्यांच्या सहवासाने बटाटा, पाव, चावी हे शब्द जसे मराठीत आले, तसाच ‘कोव्ह’ या शब्दापासून ‘कोबी’ हा शब्द आला. तो इतका मुरला, की आज त्याच्या अंगावर परकेपणाची खूण उरलेली नाही. उलट त्याच्या आधारे मराठीने पानकोबी, पत्ताकोबी, फुलकोबी अशी आपली नवी नावे घडविली. इंग्रज मात्र देठाकडे न पाहता गड्ड्याकडे पाहतो. त्याचा ‘कॅबेज’ हा शब्द डोके या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून निघाला आहे.

फुलकोबी आपल्याकडे बराच उशिरा आला. 1822 साली इंग्लंडहून त्याचे बी आणून उत्तर भारतात सहारनपूर येथील सरकारी बागेत लावण्यात आले, आणि हळूहळू आपल्या उष्ण हवेत तग धरतील असे वाण तयार झाले. मुंबई-पुण्याकडे त्याला नुसते ‘फ्लॉवर’ म्हणतात. इंग्रजी नावाचा पहिला अर्धा भाग वाटेत गळून पडला, आणि शेपूट तेवढे मंडईपर्यंत पोहोचले! लंडनच्या बाजारात जाऊन कोणी पावशेर ‘फ्लॉवर’ मागितला, तर त्याच्या हाती गुलाबाचा गुच्छच पडावयाचा.

परंतु या साऱ्या नावांत सर्वांत सुरस कथा नवलकोलाची आहे. डच भाषेत ‘क्नोल’ म्हणजे कंद आणि ‘कोल’ म्हणजे कोबी. (खरे पाहता हा कंद नव्हे, तो जमिनीच्या वर वाढतो, आणि गळालेल्या पानांचे वण त्याच्या अंगावर स्पष्ट दिसतात.) ‘क्नोल’ या शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर आपल्या जिभेला पेलणारे नव्हते. तेव्हा मराठी माणसाने त्याचे ‘नवल’ केले. असा चमत्कारिक चेंडू देठावर लागलेला पाहून नवल वाटणारच! शेजारच्या कानडी भाषेत त्याचे ‘नविलुकोसु’ झाले. कानडीत नविलु म्हणजे मोर आणि कोसु म्हणजे कोबी. तमिळ भाषेत त्याचेच ‘नूलकोल’ झाले; तेथे नूल म्हणजे सूत. परका शब्द दाराशी आला, तेव्हा प्रत्येक भाषेने आपल्या पेटीतील वस्त्र काढून त्याला नेसविले. भाजी तीच, पण एकीला तिच्यात नवल दिसले, दुसरीला मोर आणि तिसरीला सुताचा धागा. मराठी नाव मूळ डच नावाहून निःसंशय सरस आहे.

कोबीचे आप्त आपल्या स्वयंपाकघरातही कित्येक आहेत. मोहरी, मुळा आणि लाडवांत घालावयाचे हळीव ही सारी त्याच घराण्यातील होत. यांची फुले निरखून पाहिली, तर प्रत्येकाला चारच पाकळ्या असतात आणि त्या फुलीसारख्या समोरासमोर मांडलेल्या असतात. मुळ्याच्या कोवळ्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात. त्यांचीही भाजी करतात. कोबीच्या भाजीला मोहरीची फोडणी बसते, तेव्हा एकाच घराण्यातील दोघे कढईत एकमेकांस भेटत असतात.

या घराण्याचा स्वभाव तिखट. किडीपासून रक्षण व्हावे म्हणून या वनस्पती आपल्या अंगात गंधकयुक्त द्रव्ये बाळगतात. एरवी ती निपचित असतात. पण पान चिरले किंवा चावले, की पेशींत वेगळे साठविलेले दुसरे एक द्रव्य त्यांत मिसळते आणि झणका उत्पन्न होतो. वाटलेल्या मोहरीचा झणका नाकात जातो, तो याचमुळे. कोबीत हाच गुण सौम्य असतो व किंचित कडसर लागतो. तो फार वेळ शिजत ठेवला, तर मात्र गंधकाचा उग्र दर्प घरभर पसरतो. कोबीची पुष्कळशी अपकीर्ती ही कोबीची नसून अतिशिजवण्याची आहे.

तरीही केवळ स्वयंपाकाला दोष देऊन भागत नाही. 1931 साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत काम करीत असता एका द्रव्याची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी ती फार कडू लागते म्हणून तक्रार करू लागला. फॉक्सच्या जिभेला मात्र काहीच चव लागेना. पुढे इतरांवर प्रयोग केले, तेव्हा कळून आले, की काहींना ती कडू लागते, काहींना लागत नाही, आणि हा भेद आईबापांकडून मुलांकडे येतो. या भेदास मुख्यतः कारणीभूत असलेले जनुक 2003 साली सापडले. कोबीवर्गातील कडसर द्रव्यांचे त्या पुडीशी रासायनिक नाते आहे. शिवाय लहान मुलांच्या जिभेला कडवटपणा मोठ्यांहून अधिक जाणवतो. तेव्हा पंगतीत ताटाच्या कडेला कोबी सारणारे भावंड हट्टी असेलच असे नाही. कदाचित त्याला खरोखरच निराळी चव लागत असेल.

मोठेपणीही ही नावड टिकून राहते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी 1990 साली जाहीरपणे सांगून टाकले, की लहानपणी आईने ब्रोकोली खावयास लावली, आता अध्यक्ष झाल्यावर आपण ती खाणार नाही. हे ऐकून कॅलिफोर्नियातील शेतकऱ्यांनी ब्रोकोलीचे कित्येक टन राजधानीला धाडले. ती गरजूंच्या अन्नछत्रांत वाटण्यात आली. अध्यक्षांचे मत मात्र बदलले नाही.

पण आवड बदलतेच नाही असेही नव्हे. जेम्स कुक हा इंग्रज दर्यावर्दी 1768 साली दक्षिण समुद्रांकडे निघाला, तेव्हा त्याने जहाजावर खारवून आंबविलेल्या कोबीची पिंपे घेतली होती. लांबच्या सफरीत ताजी भाजी न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत आणि शेकडो माणसे मरत; त्यावर हा उपाय योजला होता. परंतु खलाशी त्या आंबट भाजीला शिवेनात. कुकने त्यांना शिक्षा केली नाही. त्याने ती भाजी रोज अधिकाऱ्यांच्या पंगतीत वाढावयास लावली, आणि खलाशांनी घ्यावी की न घ्यावी, हे त्यांच्या मर्जीवर सोडले. वरिष्ठ मंडळी चवीने खात आहेत, हे पाहताच खलाशीही ती मागू लागले. आठवडा उलटण्यापूर्वीच भाजी पुरेनाशी होईल असे वाटू लागले, आणि जहाजावरील प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यावा लागला.