पात्रता मैदानावर ठरावी

बेळगावच्या लेले मैदानावर चेंडूमागे धावणाऱ्या मुलाला एकच न्याय ठाऊक असतो : ज्याचे गोल अधिक, तो जिंकला. निपाणीहून चाळीसएक किलोमीटरवरील कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना पाहायला जाणारा रसिकही हाच न्याय मानतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात आले की मात्र हा न्याय डळमळताना दिसतो, याचा आम्हांस खेद होतो.

2024-25 ची आय-लीग एप्रिलमध्ये संपली, तेव्हा गुणतक्त्यात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स संघ पहिला होता. खेळाडूंच्या पात्रतेचा तंटा लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलैमध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळाले. निकाल शिरसावंद्य, पण स्पर्धा संपल्यावर तीन महिने विजेता ठरू नये, हे कसले नियमन?

रोग जुना आहे. 2010 साली भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क सुमारे सातशे कोटींना दिले. त्यातून 2014 मध्ये आयएसएल उभी राहिली. तिचे दार शुल्क भरणाऱ्या मालकांना उघडे होते, लीग जिंकणाऱ्यांना नव्हे. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा धेंपोही त्यांच्या वाटेने गेला. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये पहिला संघ गेला तो 2023 मध्ये, पंजाबचा!

असे तंटे परदेशांतही होतात. युरोपातील क्लब रग्बीत 2012 साली इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांनी बंडाचे निशाण उभारले. आम्ही झगडून पात्र ठरतो. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटलीच्या संघांना मात्र जागा जवळजवळ आंदण मिळते आणि निम्म्याहून अधिक पैसाही तिकडेच जातो, ही त्यांची तक्रार. 2014 मध्ये तडजोड झाली : संघ चोविसांवरून वीस, उत्पन्नाचे तीन लीगमध्ये समान वाटे आणि प्रवेश लीगमधील क्रमांकावर. तरीही त्या चार देशांना प्रत्येकी किमान एक जागा राखून ठेवली. थोरल्यांचा हट्ट पुरला, पण धाकट्यांना उंबऱ्याबाहेर काढले नाही.

आपल्या महासंघाने यातून बोध घ्यावा. पात्रतेचे नियम हंगामापूर्वी लेखी जाहीर व्हावेत. तक्रारींचा निकाल अखेरच्या सामन्याआधी लागावा. चढण्याची वाट असेल, तर उतरण्याचीही असावी. आणि वरच्या लीगच्या मिळकतीचा ठरावीक वाटा खालच्या क्लबांना मिळावा. पैशावाचून स्पर्धा चालत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पैशाने मैदान सजवावे, विजेता निवडू नये.

बेळगावच्या क्लबाची वाट राज्यसीमेमुळे गोव्याऐवजी दूरच्या बंगळूरमार्गे जाते. लांबच्या वाटेचे दुःख नाही. एवढे चालून गेल्यावर दार पैशासाठी बंद आढळू नये, एवढेच आमचे मागणे आहे.