ड्रेड स्कॉट निकाल: घटनेच्याच कसोटीवर

६ मार्च १८५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वातंत्र्याचा दावा फेटाळला. कृष्णवर्णीय हे घटनाकारांच्या लेखी नागरिक नव्हतेच, हा सरन्यायाधीश टॉनी यांचा मुख्य आधार. आणि तोच कच्चा. न्यायमूर्ती कर्टिस यांनी भिन्नमतात दाखवून दिले, की घटना मंजूर होण्याआधीच न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्ससह पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मताधिकार होता. मग ते घटनेला परके कसे? गुलाम ही मालमत्ता, तिला पाचव्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, म्हणून काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही, हा टॉनी यांचा युक्तिवादही टिकत नाही. वायव्य प्रदेशातील गुलामगिरीबंदी १७८९मध्ये पहिल्याच काँग्रेसने कायम ठेवली आणि पाचवी दुरुस्तीही त्याच काँग्रेसने मांडली. नागरिकत्वाचा मुद्दा अखेर १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने निकालात काढला.