नगरच्या फॅरारबाई

सन १८२७ च्या जून महिन्यात बोस्टन बंदर सोडलेल्या जहाजात सिंथिया फॅरार ही बत्तीस वर्षांची शिक्षिका होती. कलकत्त्यामार्गे ती डिसेंबरअखेर मुंबईस पोहोचली. अमेरिकन मिशनने हिंदुस्थानात एखाद्या अविवाहित स्त्रीस, कोणाची पत्नी म्हणून नव्हे तर शिक्षिका म्हणून, धाडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मुंबईतील मुलींच्या शाळा वाढवणे आणि त्यांवर देखरेख ठेवणे, हे तिचे काम.

ते सोपे नव्हते. पेढीवर बसणाऱ्या मुलास खतावणी वाचता आलीच पाहिजे. मुलीला अक्षरओळख कशाला, असा त्या काळच्या बहुतेक घरांचा समज होता. शिवाय शाळा परधर्मीयांची. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही; पालकांचा संशय निराधार म्हणता येत नाही. तरीही १८२९ मध्ये बाईंच्या शाळांतील मुलींची संख्या चारशेवर गेली. अर्थात, पटावर नाव असणे आणि मुलगी रोज शाळेत येणे यांत तेव्हाही अंतर होतेच.

प्रकृती ढासळल्याने १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तेथेच राहिल्या असत्या तरी कोणी दोष दिला नसता. पण १८३९ मध्ये त्या परतल्या आणि अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, स्थायिक झाल्या. पुढील सर्व आयुष्य तेथील मुलींच्या शाळांत गेले.

याच शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या. बाई मुंबईत उतरल्या त्याच वर्षी जोतीरावांचा जन्म झालेला. नगरची शाळा पाहून आपण प्रभावित झालो, आईमुळे मुलात घडणारी सुधारणा फार मोलाची असते, अशा आशयाचे विचार त्यांनी पुढे १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात मांडले. शिकवायचे तर शिक्षिका हवी. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. ती मिशनची नव्हती. तिचे चालक आणि शिक्षिका येथल्याच मातीतले होते, आणि धर्मांतराची भीती पुढे करून तिला नाकारणे विरोधकांना अवघड झाले. विरोध मात्र थांबला नाही.

फॅरारबाई तेव्हा नगरलाच शिकवत होत्या. २५ जानेवारी १८६२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.